कल्पित सृष्टीचे नियम आणि समीक्षेचे अनुमान

१

मार्वेच्या धक्क्यावरून खाडी ओलांडली की मनोरी लागते. मुंबईच्या उपनगरांत मोडणाऱ्या अशा कोळी वस्त्यांमध्ये, किंबहुना सबंध कोकण किनाऱ्यावर, भरतीची वेळ काढण्याचा एक जुना आडाखा प्रचलित आहे. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. हा आडाखा वापरण्यासाठी चंद्राच्या आकर्षणाचे गणित ठाऊक असावे लागत नाही. पाणी केव्हा चढते आणि केव्हा उतरते हे पिढ्यान्‌पिढ्या पाहून कोणीतरी नियम बसवला आणि त्या नियमाच्या भरवशावर होडी लोटली.

या आडाख्यात एक शिवण आहे, ती मात्र सहसा कोणी पाहत नाही. पौर्णिमेच्या हिशेबाने भरती सव्वाअकराला येते, तर लगेच पुढच्या प्रतिपदेच्या हिशेबाने ती पाऊण वाजता येते. एका तिथीत दीड तासाची उडी! समुद्र अशी उडी मारीत नाही. सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर दर तिथीला १२ अंशांनी वाढते. १२ अंश म्हणजे वेळेच्या हिशेबात ४८ मिनिटे. आडाखा ४५ मिनिटेच धरतो. दर तिथीमागे राहिलेली ३ मिनिटांची तूट पंधरा तिथींत ४५ मिनिटांची होते आणि ती एकदमच भरून काढावी लागते. ही शिवण लक्षात आली म्हणजे कळते, की पाऊणपटीचा नियम हा समुद्राचा नियम नव्हे. ते समुद्राविषयीचे, व्यवहाराला पुरेसे असे अनुमान आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय समुद्र नाही. व्हिडिओ गेममधील सृष्टीचे पदार्थविज्ञान खेळणारा माणूस कसे अनुमानितो आणि त्या अनुमानापासून साहित्यसमीक्षेला काय घेता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे. मनोरीच्या आडाख्याने आरंभ करण्याचे कारण इतकेच, की दोन्ही ठिकाणी माणूस एका सृष्टीच्या आत उभा असतो, तिचे नियम त्याला कोणी सांगितलेले नसतात, आणि तरीही त्या नियमांवर विसंबून त्याला पुढचे पाऊल टाकावे लागते. फरक आहे तो हा, की समुद्र कोणी रचलेला नाही. व्हिडिओ गेम रचलेला आहे. समुद्राच्या बाबतीत शिवण दिसली तर ती आपल्या अनुमानाची असते. रचलेल्या सृष्टीत शिवण दिसली तर ती कोणाची समजावयाची, अनुमानाची की सृष्टीची? समीक्षेचा प्रश्न येथून सुरू होतो.

२

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या मंगलश्लोकात कवीच्या सृष्टीचे जे वर्णन केले आहे, त्यातील पहिलाच विशेष असा, की ही सृष्टी नियतीने घालून दिलेल्या नियमांपासून मुक्त असते. आपल्याकडे हे विधान बहुतेक वेळा कविप्रतिभेच्या गौरवासाठी उद्‌धृत केले जाते. तथापि त्याचा अर्थ नेमका किती घ्यावयाचा, याचा विचार तितकासा होत नाही. नियतीच्या नियमांतून मुक्त असणे म्हणजे नियमांतूनच मुक्त असणे नव्हे. नियतीचे नियम बाजूला सारल्यावर कवीची सृष्टी स्वतःच्या नियमांनी बांधली जाते की नाही, हा प्रश्न मम्मटाच्या विधानानंतरही शिल्लक उरतो.

ॲरिस्टॉटलने या प्रश्नाचे अर्धे उत्तर दिले आहे. अशक्य असूनही पटणारे हे, शक्य असूनही न पटणाऱ्यापेक्षा कवीने पसंत करावे, असे त्याचे प्रतिपादन आहे. परंतु पटणे हे कशावर अवलंबून असते? मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयींच्या रूपाने कलाकृतीच्या अंतर्गत संघटनेचे नियम मांडण्याचा प्रयत्न केला. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ने (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांमधील ताण म्हणून हा सारा प्रदेश आखून दाखविला. या चर्चेचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते, की कल्पित सृष्टीचे नियम वाचकाच्या हाती कोणत्या प्रक्रियेने येतात, हा ज्ञानव्यवहाराचा प्रश्न तीत बाजूलाच राहिला.

त्याचा परिणाम विज्ञानकथा आणि अद्‌भुतकथा यांच्या मूल्यमापनावर झालेला दिसतो. अशा कथेपुढे आपण दोनच प्रश्न ठेवतो. कथेतील विज्ञान बरोबर आहे काय, हा एक. आणि ते नसले तरी कल्पना रम्य आहे काय, हा दुसरा. पहिला प्रश्न बाहेरच्या सृष्टीचा नियम आणून कथेला लावतो. दुसरा प्रश्न नियमाचा विचारच सोडून देतो. दोहोंमध्ये कथेतील सृष्टी स्वतः कोणत्या नियमाने चालते, हे पाहण्याची वेळच येत नाही. व्हिडिओ गेम हा प्रकार येथे उपयोगी पडतो, कारण त्याच्यापुढे हे दोन्ही प्रश्न निरुपयोगी ठरतात. त्यातील पदार्थविज्ञान बाहेरच्या मापाने चुकीचे असते हे उघडच आहे. आणि केवळ रम्य म्हणून ते सोडून देताही येत नाही, कारण नियम न ओळखणारा खेळाडू पहिल्याच खड्ड्यात पडून बाद होतो.

३

१९८५ साली निन्टेन्डोने काढलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ घेऊ. टीव्हीला जोडावयाच्या स्वस्त नकली यंत्रांमधून आणि त्यांच्या ‘कॅसेटां’मधून तो आपल्याकडच्याही अनेक घरांत पोहोचला होता. त्याची सृष्टी खेळणाऱ्या मुलास जे शिकविते ते शब्दांत मांडू लागलो तर असे काहीसे होईल : मारिओ उडी मारतो आणि खाली येतो, म्हणून येथे गुरुत्व आहे. विटा मात्र कशाचाही आधार नसता हवेत राहतात; खालून डोके आपटले तर वीट फुटते, पण पडून राहत नाही. नाणी अधांतरी असतात. कासवाचे कवच एकदा ढकलले की वेग न गमावता घसरत जाते आणि अडथळा आला की उलटे फिरते. परंतु धावणारा मारिओ थांबताना घसरतो आणि मंदावतो. म्हणजे घर्षण मारिओला आहे, कवचाला नाही. गुरुत्व प्राण्यांना आहे, विटांना नाही.

न्यूटनच्या दृष्टीने ही सृष्टी असंबद्ध ठरेल, कारण त्याच्या नियमाचे वैशिष्ट्यच हे, की तो सफरचंदाला आणि चंद्राला एकच लागू पडतो. परंतु असंबद्ध म्हणून हात झटकण्यापूर्वी हे लक्षात घ्यावयास हवे, की वस्तूंच्या जातीनुसार नियम बदलणाऱ्या सृष्टीची कल्पना माणसाने पूर्वी गंभीरपणे केलेली आहे. वैशेषिक दर्शनात गुरुत्व हा पृथ्वी आणि जल या दोन द्रव्यांचाच गुण आहे. तेज आणि वायू यांना तो नाही. गुरुत्व हे पतनाचे कारण, आणि त्या पतनाला प्रतिबंध करणाऱ्या गोष्टी तीन : संयोग, प्रयत्न आणि वेगरूप संस्कार. देठाला लागलेले फळ संयोगामुळे पडत नाही, उडणारा पक्षी प्रयत्नामुळे पडत नाही, सुटलेला बाण वेगामुळे पडत नाही.

आता मारिओची उडी पुन्हा पाहू. बटण क्षणभर दाबले तर उडी ठेंगणी पडते. दाबून धरले तर उंच जाते. उडीचा आरंभ तोच, परंतु वर जाताना बटण दाबलेले असेपर्यंत त्याला खाली ओढणारे बल कमी असते. ते सोडताच वाढते. इतकेच नव्हे तर हवेत असतानाही त्याला दिशा बदलता येते. आपल्या जगात उडी मारणाऱ्याची इच्छा जमीन सुटताच निरुपयोगी होते. मारिओच्या जगात ती हवेतही कार्य करीत राहते. नैयायिकांच्या भाषेत सांगावयाचे तर, ‘उडी मारली की ठरावीक उंची गाठली जाते’ ही व्याप्ती येथे सोपाधिक आहे आणि बटणावरील अंगठा हा तिचा उपाधी आहे. ओल्या लाकडाचा उपाधी ज्याला दिसला नाही तो, अग्नी आहे तेथे धूर असलाच पाहिजे असे म्हणत राहतो. ज्याला हा उपाधी दिसला नाही तो खड्ड्यात पडत राहतो.

या अनुमानातून हाती येते ते केवळ तंत्र नव्हे. या सृष्टीत पतनाला प्रतिबंध करणारी गोष्ट वैशेषिकांची दुसरी, म्हणजे प्रयत्न, हीच आहे. पडणे टळते ते टळावे असे वाटत राहिल्यामुळे, तेही वाटत असेल तेवढ्याच वेळापुरते. राजकन्येच्या सुटकेची जी कथा या खेळावर बेतलेली आहे ती अतिशय बाळबोध आहे, आणि तिच्यावरून या कृतीचा आशय ठरविणारा समीक्षक रिकाम्या हातांनी परत येईल. आशय आहे तो गुरुत्वाच्या नियमात. तो कोठेही सांगितलेला नाही, वर्णिलेला नाही. अनुमानानेच तो मिळतो.

४

नियम आणि रचणाऱ्याचा हेतू यांचा संबंध मात्र दिसतो तितका सरळ नाही. १९६२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ उभा केला. पडद्याच्या मध्यभागी एक तारा आणि त्याच्या आकर्षणात फिरणारी दोन याने. तारा यानांना खेचतो. परंतु यानांतून सुटणाऱ्या पाणतीरांवर त्याचा काही परिणाम होत नाही, ते सरळ रेषेत जातात. कारण व्यावहारिक होते. प्रत्येक पाणतीराचे आकर्षण मोजण्याइतकी सवड त्या यंत्राला नव्हती. तेव्हा ते पाणतीर प्रकाशकणांचे आहेत असे सांगण्यात आले. यंत्राची उणीव सृष्टीचा नियम झाली आणि नियमाला मागाहून कारण मिळाले.

आतल्या खेळाडूला ही उत्पत्ती दिसत नाही, आणि ती दिसण्याची गरजही नाही. तो एवढेच अनुमानितो, की येथे जड वस्तू वाकतात आणि शस्त्रे वाकत नाहीत. म्हणून ताऱ्याच्या आडून यान वळविता येईल, नेम मात्र सरळच धरावा लागेल. लेखकाच्या हेतूवरून कृतीचा अर्थ ठरवू नये, हा विम्सॅट आणि बिअर्ड्‌स्ली यांनी १९४६ साली मांडलेला विचार आपण कवितेच्या संदर्भात पुष्कळ घोळला आहे. तो जितका येथे स्पष्ट होतो तितका कवितेत क्वचितच होत असेल.

याची दुसरी बाजू अधिक अवघड आहे. ‘मारिओ’च्या मूळ आवृत्तीत, पहिल्या विश्वाच्या दुसऱ्या टप्प्याच्या अखेरीस एका विशिष्ट रीतीने भिंतीतून आरपार जाता येते. पुढे लागणारा प्रदेश पाण्याखालचा आहे आणि त्याच्या शेवटच्या नळातून गेले असता पुन्हा त्याच प्रदेशाच्या आरंभी येऊन पडावे लागते. त्यातून सुटका नाही. ही आज्ञावलीतील चूक आहे, रचणाऱ्यांनी योजलेला प्रदेश नव्हे. मग तो त्या सृष्टीत आहे असे म्हणावयाचे की नाही? पाणतीरांची उणीव आपण नियम म्हणून स्वीकारली. ही चूक नाकारण्यास आधार कोणता?

आधार आहे, आणि तो हेतूचा नाही. पाणतीरांच्या सरळ जाण्यावरून पुढची अनुमाने करता येतात. ते उरलेल्या सृष्टीशी गुंतलेले आहे, त्याच्यामुळे डावपेच बदलतात. भिंतीतील फटीवरून दुसऱ्या कोणत्याही भिंतीविषयी काहीच अनुमानिता येत नाही. ती घटना आहे, नियम नव्हे. संहितेतील पाठ आणि लेखनिकाचा प्रमाद यांत फरक करताना पाठचिकित्सक नेमके हेच पाहतो, की एखाद्या रूपाला संहितेत इतरत्र काही पाठबळ आहे काय. तेव्हा कल्पित सृष्टीत नियम म्हणून तेच मानावे, ज्यावरून दुसरे काही ठरते.

आणखी एका मर्यादेचा उल्लेख करावयास हवा. २००९ साली आलेल्या ‘अँग्री बर्ड्‌स’ या फिनलंडमधील खेळात बेचकीतून पक्षी भिरकावावयाचे असतात. ऱ्हेट अलेन या अमेरिकी भौतिकीच्या अध्यापकाने २०१० साली पडद्यावरील हालचाल मोजून दाखविले, की पक्ष्याचा आडवा वेग स्थिर राहतो आणि खाली येण्याचा वेग एकसारखा वाढत जातो. म्हणजे गॅलिलिओचाच नियम. परंतु त्या जगातील गुरुत्व किती, याचे उत्तर पडद्यावरून मिळत नाही, कारण तेथील एक मीटर किती हेच ठाऊक नाही. गुरुत्व पृथ्वीइतकेच धरले तर बेचकीची उंची सुमारे ५ मीटर भरते. बेचकी हातात मावणारी धरली तर गुरुत्व त्या प्रमाणात क्षीण मानावे लागते. सृष्टीच्या आतून गुणोत्तरे कळतात. माप बाहेरून आणावे लागते. कल्पित साहित्याला ‘वास्तवा’चे माप लावणाऱ्या समीक्षकाने हे आठवावे. तो जे मोजतो त्यातले अर्धे त्याने स्वतः आणलेले असते.

५

येथे एक आक्षेप संभवतो. व्हिडिओ गेममध्ये प्रयोग करता येतो, कथेत येत नाही. खेळणारा बटण दाबून पाहतो, सृष्टी त्याला विरोध करते; वाचकाला विरोध करणारे असे काही कथेत नसते. ज्या जागा कथेने मोकळ्या सोडल्या त्या तो आपल्या परीने भरून घेतो. रोमान इनगार्डनने १९३१ साली साहित्यकृतीतील अनिश्चित जागांचे जे विवेचन केले ते याच स्वरूपाचे आहे. मारी-लॉर रायन यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात मांडलेले किमान विचलनाचे तत्त्वही हेच सांगते : कथेने उलट सांगितलेले नसेल तोवर कथेतील जग आपल्याच जगासारखे आहे, असे वाचक धरून चालतो.

आक्षेपात तथ्य आहे. व्हिडिओ गेममध्ये हे तत्त्व चालत नाही. १९७९ च्या ‘ॲस्टेरॉइड्‌स’मध्ये पडद्याच्या उजव्या कडेने बाहेर गेलेले यान डाव्या कडेने आत येते, वरून गेलेले खालून येते. त्या जगाला भिंत नाही आणि तरीही ते सांत आहे. त्याचा आकार मेदुवड्याच्या पृष्ठभागासारखा आहे. हे कोणी आपल्या जगावरून गृहीत धरणार नाही. तेथे प्रत्येक गोष्ट नव्याने शिकावी लागते.

परंतु कथेत विरोध करणारे काहीच नसते, हे म्हणणे मान्य होण्यासारखे नाही. कथेतील विरोध वाचकाला होत नाही, पात्राला होतो. पात्र एका समजुतीने वागते आणि त्याचा परिणाम त्याला भोगावा लागतो. त्या परिणामातून वाचक नियम अनुमानितो. वाचकाचा प्रयोग पात्राच्या अंगावर होतो, असे म्हणता येईल. या दृष्टीने मराठीतील एक परिचित कथा वाचून पाहू.

६

जयंत नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. त्यांच्या कथालेखनाचा आरंभ सर्वांना ठाऊक आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलट्या क्रमाने लावली होती. पुढे ‘यक्षांची देणगी’ (१९७९) हा संग्रह आला. त्यांच्या कथांची थोरवी त्यातील विज्ञानाच्या अचूकपणात आहे, असे त्यांचे चाहते म्हणतात. आणि त्यांची मर्यादाही तीच आहे, असे टीकाकार म्हणतात. दोघेही बाहेरच्या नियमाने मोजतात. आत शिरून पाहिले तर वेगळे काही दिसते.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा ‘दि ॲडव्हेंचर’ या इंग्रजी रूपात अकरावीच्या पाठ्यपुस्तकातून बहुतेकांनी वाचलेली असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर दुसऱ्याच मुंबईत येऊन पोहोचतात. त्या मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे. पाट्या, इमारती, दुकाने, सर्व काही ओळखीचे आणि सर्व काही वेगळे. ते गोंधळतात, पण लवकरच ते इतिहासकाराला शोभेल असे वागतात. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जाऊन इतिहासाचे पाच खंड मागवितात. पहिले चार खंड, औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंतचे, त्यांच्या माहितीशी जुळतात. म्हणजे फाटा पाचव्या खंडात आहे. तो खंड ते दोन्ही टोकांकडून वाचीत येतात आणि नेमक्या त्या क्षणावर पोहोचतात : १४ जानेवारी १७६१, पानिपत, विश्वासरावांना चाटून गेलेली गोळी. ती लागली नाही आणि मराठे जिंकले.

येथवर गंगाधरपंत आदर्श अनुमानकर्ते आहेत. जुळणारा भाग बाजूला सारीत, न जुळणारा भाग अरुंद करीत ते जातात. परंतु कथेतील खरा प्रयोग यानंतर घडतो. ते आझाद मैदानावर जातात. तेथे व्याख्यान चालू असते आणि व्यासपीठावरील अध्यक्षाची खुर्ची रिकामी असते. ९९९ सभांचे अध्यक्षपद भूषविलेल्या गंगाधरपंतांना ती रिकामी खुर्ची पाहवत नाही. ते जाऊन बसतात. या जगात सभेला अध्यक्ष असण्याची प्रथा कधीच बंद झालेली आहे. श्रोते ओरडतात, वस्तू फेकतात, आणि गंगाधरपंत त्या जगातून नाहीसे होतात.

हा प्रसंग विनोदासाठी घातलेला आहे असे समजून आपण तो सहसा सोडून देतो. वस्तुतः कथेचा नियम येथेच प्रकट होतो. ग्रंथालयात जो माणूस स्वतःची कोणतीही समजूत गृहीत धरीत नाही, तोच मैदानावर आपल्या जगाची सवय तेथे नेतो. बाराशे पृष्ठे वाचून कळला नसता असा नियम त्याला खुर्चीवर बसताच कळतो, आणि कळता क्षणी तो बाद होतो. राज्य कोणाचे, युद्ध कोणी जिंकले, हे खंडांत लिहिलेले असते. सभेत कोणी कोठे बसावे, हे लिहिलेले नसते, कारण त्या जगातील लोकांना ते लिहिण्याची गरज वाटत नाही. पानिपतावरील एका गोळीचा परिणाम दिल्लीच्या तख्तापर्यंत जातो हे अपेक्षितच आहे. तो सभेच्या खुर्चीपर्यंत जातो, हे या कथेचे खरे अनुमान आहे. इतिहास बदलतो म्हणजे शिष्टाचारही बदलतो, आणि परका माणूस ओळखला जातो तो शिष्टाचारावरून.

या वाचनानंतर कथेचा दोषही वेगळ्या जागी दिसू लागतो. अखेरीस राजेंद्र देशपांडे हा वैज्ञानिक मित्र येऊन घडलेल्या प्रकाराचा उलगडा आपत्ती-सिद्धांत आणि पुंजवाद यांच्या आधारे करतो. हे स्पष्टीकरण शास्त्रीय दृष्ट्या कितपत टिकेल, हा माझा आक्षेप नाही. आक्षेप असा, की स्पष्टीकरणाने प्रवास का घडला ते कळते, परंतु त्या जगाविषयी नवे काहीच कळत नाही. ‘स्पेसवॉर’च्या पाणतीरांना प्रकाशकण म्हणण्यासारखेच ते आहे, फरक एवढाच, की तेथे नाव देणाऱ्याने नियमाला हात लावला नाही, येथे वाचकाच्या हातातील अनुमान काढून घेऊन वैज्ञानिकाच्या तोंडी दिले गेले. मात्र गंगाधरपंतांच्या खिशात राहिलेले बखरीचे फाटके पान हे कथेने दिलेले खरे प्रमाण आहे, आणि त्याला कोणाच्या भाषणाची गरज नव्हती.

‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत हे संतुलन अधिक साधले आहे. उजव्या हाताचा गोलंदाज डाव्या हाताने गोलंदाजी करू लागतो. गणपतीची सोंड उजवीकडे वळलेली आढळते. मोबियसच्या पट्टीवरून फिरून आलेली आकृती जशी उलटी होते, तसे येथे काही घडले आहे. जो उलटला त्याला आतून काही जाणवण्याचे कारण नाही, त्याची गुणोत्तरे जशीच्या तशी आहेत. फरक कळतो तो न उलटलेल्या जगाशी ताडून पाहिल्यावर. आणि ताडून पाहण्यासाठी नारळीकरांनी निवडलेली वस्तू कोणती, तर गणपतीची मूर्ती! उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचे सोवळे सांभाळावे लागते, हे ज्या वाचकाला लहानपणापासून ठाऊक आहे त्याच्या नजरेला सोंडेची दिशा आपोआप खुपते. भूमितीचा एक नियम येथे घरातल्या देव्हाऱ्याच्या आधारे अनुमानिला जातो. विज्ञान बरोबर असणे आणि कल्पना रम्य असणे या दोहोंपैकी कशातही हे यश सामावत नाही.

७

व्हिडिओ गेमविषयी शेवटी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते, कारण तीत आजच्या साहित्यव्यवहाराशीही साम्य आहे. ‘स्पेसवॉर’ आणि ‘मारिओ’ यांच्या रचणाऱ्यांनी आपापल्या सृष्टीचे गुरुत्व स्वतः लिहिले. आता ते बहुधा तयार मिळते. पुण्यातील नॉडिंग हेड्‌स गेम्स या संस्थेने तयार केलेला आणि २०२० साली प्रकाशित झालेला ‘राजी’ हा खेळ अनरिअल इंजिन या तयार साधनावर बांधलेला आहे. त्या साधनात कोणी हात लावीपर्यंत गुरुत्वाचा आकडा प्रतिसेकंद प्रतिसेकंद ९८० सेंटिमीटर, म्हणजे पृथ्वीचाच, ठेवलेला असतो. ‘राजी’ची नायिका कसरतीचे खेळ करणारी मुलगी आहे, त्यामुळे तिच्या उड्यांना तिच्या व्यवसायातच आधार मिळतो, ही योजना चतुर आहे. परंतु सर्वसाधारण प्रश्न राहतोच. ज्या सृष्टीचे नियम दुकानातून आणलेले आहेत, तिच्यावर प्राचीन भारताचे कितीही सुंदर चित्र रंगविले तरी ती सृष्टी त्या चित्राची होईल काय? नियम बदलले नाहीत तर वस्त्रेच बदलतात.

ऐतिहासिक कादंबरी, ग्रामीण कथा, विज्ञानकथा यांतही तयार नियमांवर स्थानिक रंग चढविण्याचा व्यवहार आपल्या परिचयाचा आहे. पात्रांची भाषा बदललेली असते, पेहराव बदललेला असतो. पण कोणत्या कृतीचा कोणता परिणाम होतो, कोण पडतो आणि कोण तरून जातो, याचे कोष्टक मात्र सर्वत्र एकच असते. अशा कृतीचे परीक्षण करताना आपण बोलीचा अस्सलपणा तपासतो, तपशिलांची अचूकता तपासतो. तपासावयास हवे ते कोष्टक. या सृष्टीत पडण्याचा नियम कोणता, तो कोणाला लागू आहे आणि कोणाला नाही, आणि जेथे तो मोडतो तेथे काही ठरते काय, हे तीन प्रश्न प्रत्येक कल्पित सृष्टीला विचारता येतात. त्यांची उत्तरे लेखकाच्या प्रस्तावनेत मिळत नाहीत, आणि बाहेरच्या विज्ञानातही मिळत नाहीत.

आज्ञावली उघडून आकडे वाचले की अनुमानाची आवश्यकताच उरत नाही, असेही कोणी म्हणेल. कवीच्या हस्तलिखितावरून कवितेचा अर्थ लागतो म्हणण्यासारखेच ते आहे. आकड्यावरून नियमाचे मूल्य कळते. तो नियम आत राहणाऱ्याला कसा भोगावा लागतो हे कळत नाही. मनोरीच्या होडीवाल्यापुढे ४८ मिनिटांचे अचूक गणित ठेवले तरी प्रतिपदेच्या पहाटे पाणी किती आहे हे त्याला काठावर उभे राहूनच पाहावे लागते. आणि आपला आडाखा आज किती चुकेल, हे तो सवयीने जाणतो. समीक्षकानेही आपल्या आडाख्याची शिवण कोठे आहे हे जाणून सृष्टीत उतरावे, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.